आधी विचारा, संपलं काय? डीडॉस हल्ल्याचं विश्लेषण, पायरीपायरीने

डीडॉस हल्ला, म्हणजे अनेक यंत्रांवरून खोटी वाहतूक ओतून सेवा बंद पाडणं, सुरू झाला की ऑफिसात पहिला प्रश्न येतो तो ‘कोणी केलं?’ हा. त्या घडीला त्याचं उत्तर सापडत नाही आणि सापडलं तरी बंद पडलेली सेवा त्याने सुरू होत नाही. विश्लेषण करणाऱ्याने आधी विचारायचं ते हे: आपल्याकडचं नेमकं काय संपलं? लिंकची क्षमता, राउटरची पॅकेट हाताळायची ताकद, फायरवॉल किंवा सर्व्हरमधली जोडण्यांच्या नोंदींची जागा, की वेबसाइटमागच्या डेटाबेसचा दम? पॅकेट कुठे पकडायची, काय मोजायचं आणि मदत कोणाकडे मागायची, हे सगळं या उत्तरावर ठरतं.

छोटा इंटरनेट पुरवठादार, महाविद्यालय, सहकारी बँक किंवा होस्टिंग कंपनी, अशा ठिकाणी नेटवर्क सांभाळणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. आयपी, पोर्ट, टीसीपी आणि यूडीपी यांची ओळख आहे असं धरलं आहे.

शांत दिवसांची नोंद

शांत दिवसाचे आकडे हाताशी नसतील तर हल्ल्याच्या दिवशीचे आकडे काहीच सांगत नाहीत. सेकंदाला ४०,००० पॅकेट जास्त की कमी? तुमच्या नेटवर्कवर मंगळवारी सकाळी अकराला किती असतात हे माहीत असेल तरच ते कळतं. म्हणून आजच नोंद सुरू करा. आत येणारे आणि बाहेर जाणारे बिट आणि पॅकेट, दोन्ही वेगवेगळे. पॅकेटची सरासरी लांबी. सेकंदाला येणारे सिन (टीसीपी जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) आणि त्यातून पूर्ण झालेल्या जोडण्या. यूडीपीचा वाटा. फायरवॉलच्या जोडणी तक्त्यातल्या नोंदी. वेबसाइट असेल तर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या आणि डेटाबेसला लागणारा वेळ.

यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. वाहतुकीचा गोषवारा, म्हणजे फ्लो नोंदी, देणारं नेटफ्लो, आयपीफिक्स किंवा एसफ्लो यांपैकी काहीतरी राउटरवर बहुधा असतंच. ते सुरू करून एनएफडम्पसारख्या मोफत साधनात साठवलं की निम्मं काम झालं. फक्त नमुन्याचं प्रमाण कुठेतरी ठळक लिहून ठेवा. राउटर हजारातलं एकच पॅकेट मोजत असेल, तर दिसणाऱ्या आकड्याला हजाराने गुणावं लागतं. हल्ल्याच्या धांदलीत हा गुणाकार राहून जातो आणि हल्ला हजारपट लहान भासतो.

आलेखाची सरासरी किती वेळाची आहे तेही तपासा. पाच मिनिटांच्या सरासरीत वीस सेकंदांचा जोरदार झटका पार विरघळतो. निदान मुख्य लिंकची मोजणी दहा सेकंदांवर आणा.

घड्याळांचंही पाहा. सगळी यंत्रं एनटीपीने, म्हणजे घड्याळं जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने, जुळवलेली हवीत. परदेशातल्या पुरवठादाराच्या लॉगमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्याकडे भारतीय वेळ. हा साडेपाच तासांचा फरक विसरलात तर दोन लॉग शेजारी ठेवूनही घटना जुळत नाहीत. लॉग यूटीसीत ठेवा आणि माणसांना सांगताना भारतीय वेळ सांगा.

पहिली दहा मिनिटं: काय संपलं?

लिंकपासून सुरुवात करा. इंटरफेसचा आकडा विकत घेतलेल्या क्षमतेला जाऊन टेकला असेल आणि सपाट रेषा काढत असेल, तर लिंक चोक झाली आहे. अशा वेळी आपल्या फायरवॉलवर कितीही नियम लावले तरी उपयोग शून्य, कारण पॅकेट आपल्या दारात पोहोचण्याआधीच पलीकडच्या राउटरवर टाकली जात आहेत. तडक वरच्या पुरवठादाराला फोन लावा. पुढचं विश्लेषण त्याला ‘काय अडवायचं’ हे सांगण्यासाठी करायचं आहे.

लिंक भरलेली नसेल तर पॅकेटची संख्या बघा. इथे एक हिशोब पाठच असलेला बरा. १ गिगाबिटच्या इथरनेट लिंकवर सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४.८८ लाख मावतात. पूर्ण लांबीच्या, १,५१८ बाइटच्या फ्रेम मात्र जेमतेम ८१,००० मावतात. राउटरला दर पॅकेटमागे मेहनत पडते, बाइटमागे नाही. त्यामुळे आलेखात ३०० मेगाबिट दिसत असतानाही लहान पॅकेटचा आकडा लाखांत गेलेला असू शकतो आणि साधा राउटर तेवढ्यानेच गुडघे टेकतो. ‘लिंक तर रिकामी आहे, मग नेट का चालत नाही?’ असा प्रश्न पडला की बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं. राउटरचा सीपीयू आणि इंटरफेसवर टाकून दिलेल्या पॅकेटचा काउंटर पाहा.

तिसरी जागा जोडण्यांच्या नोंदींची. लिनक्स सर्व्हरवर एसएस आदेशाने अर्धवट जोडण्यांची, म्हणजे सिन-रिसीव्ह्ड अवस्थेतल्यांची, संख्या पाहा. कर्नलच्या लॉगमध्ये कनेक्शन ट्रॅकिंगचा तक्ता भरल्याचा संदेश असेल तर उत्तर मिळालंच. फायरवॉल हीच अनेकदा सगळ्यात आधी कोसळते. मागचे सर्व्हर ठणठणीत असतात आणि त्यांचं रक्षण करायला बसवलेलं यंत्र प्रत्येक जोडणीची आठवण ठेवण्याच्या नादात आडवं होतं.

या तिन्ही जागा ठीक असतील तर वेबसाइटच्या आत जा. विनंत्या हाताळणाऱ्या वर्कर प्रक्रिया सगळ्या अडकल्या आहेत का, डेटाबेसमध्ये कोणती क्वेरी रांगेत आहे, कोणत्या पानाला उत्तर द्यायला किती वेळ लागतो आहे? त्याबद्दल पुढे.

पॅकेट पकडताना

टीसीपीडम्प हे पॅकेट पकडायचं साधन पुरेसं आहे. पण सरसकट सुरू करून सोडून देऊ नका. पत्त्यांची नावं शोधू नको, असा पर्याय आधी द्या, नाहीतर तुमचंच साधन प्रत्येक पत्त्यासाठी डीएनएसकडे, म्हणजे नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या सेवेकडे, धाव घेईल. प्रत्येक पॅकेटचे पहिले ९६ ते १२८ बाइट पुरतात. शीर्षकं त्यात येतात, डिस्क भरत नाही आणि ग्राहकांचा खाजगी मजकूर विनाकारण आपल्या फाइलमध्ये शिरत नाही. यूडीपीच्या हल्ल्यात आतला मजकूर ओळखीसाठी लागतो, तेव्हा काही हजार पॅकेट पूर्ण लांबीची घ्या. एका वेळी एक लाख पॅकेटची मर्यादा ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी नवा नमुना घ्या. हल्लेखोर मधेच पद्धत बदलतो, ती बदलल्याचं वेगवेगळ्या नमुन्यांवरूनच उमगतं.

शक्यतो स्विचच्या मिरर पोर्टवर (जिथे वाहतुकीची प्रत मिळते) वेगळं यंत्र लावून पकडा. आधीच धापा टाकणाऱ्या सर्व्हरवर पकड सुरू करणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझं. लिंक चोक असेल तर तुमच्या पकडीत फक्त वाचलेली पॅकेट येतात हेही लक्षात असू द्या. हल्ल्याचा खरा आकार पुरवठादाराच्या फ्लो नोंदींमध्ये असतो, तो मागून घ्या.

पॅकेट वाचताना

फाइल वायरशार्क या पॅकेट वाचायच्या साधनात उघडली की एकेक ओळ वाचायचा मोह होतो. तो टाळा. आधी मोजणी: प्रोटोकॉल कोणता, स्रोत पोर्ट कोणते, लांबी कशी विभागली आहे, टीटीएल (पॅकेटला अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा) किती, टीसीपीचे फ्लॅग (सिन, ॲक, रीसेट अशा खुणा) कोणते. हल्ल्याची पॅकेट यंत्राने एकाच साच्यातून काढलेली असतात आणि साचा मोजणीतच उघडा पडतो.

यूडीपीचा पूर असेल तर स्रोत पोर्ट पाहा. ५३ असेल तर डीएनएस, १२३ असेल तर एनटीपी, ३८९ सीएलडॅप, १९०० एसएसडीपी, ११२११ मेमकॅश्ड. या सेवा हल्लेखोराच्या नसतात. त्याने तुमचा पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून घालून त्यांना छोटा प्रश्न विचारला आणि त्यांनी इमानेइतबारे मोठं उत्तर तुमच्याकडे पाठवलं. यालाच परावर्तन आणि वर्धन म्हणतात. ओळखीच्या खुणा फार नेमक्या असतात. एनटीपीच्या जुन्या ‘मॉनलिस्ट’ आदेशाच्या उत्तरात यूडीपीचा मजकूर ४४० बाइटचा येतो: ८ बाइटचं शीर्षक आणि ७२ बाइटच्या सहा नोंदी. स्रोत पोर्ट १२३ आणि आयपी लांबी ४६८ अशी हजारो पॅकेट दिसली की पुढे शोधायचं काही राहत नाही.

फ्लो नोंदींमध्ये पोर्ट ० वरून खूप यूडीपी दिसलं तर गोंधळू नका. मोठ्या उत्तराचे तुकडे होतात, पहिला तुकडा सोडून बाकींत पोर्टचा आकडा नसतो, म्हणून तिथे शून्य लिहिलं जातं. हे तुकडे बहुधा त्याच डीएनएस किंवा सीएलडॅपच्या उत्तरांचे असतात. अडवण्याचा नियम लिहिताना तुकडे विसरलात तर अर्धा पूर तसाच आत येत राहतो.

टीसीपीत सिनचा पूर आजही जोरात आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यू यॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट पुरवठादाराची सेवा याच पद्धतीने कित्येक दिवस विस्कळीत झाली होती आणि त्यासाठी लिंक भरायची गरजही पडली नव्हती. प्रत्येक खोट्या सिनला सर्व्हर उत्तर देतो आणि पुढच्या पॅकेटची वाट पाहत बसतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत तो पाच वेळा पुन्हा उत्तर पाठवतो आणि ६३ सेकंदांनी आशा सोडतो. तोवर ती जागा अडलेली. विश्लेषणात बघायचं ते सिन आणि पूर्ण झालेल्या जोडण्या यांचं प्रमाण. ते शांत दिवसाच्या तुलनेत कोसळलेलं दिसेल.

पत्ते खोटे आहेत का, हे कसं ओळखायचं? खऱ्या फोनच्या किंवा संगणकाच्या सिनमध्ये कमाल लांबी, सॅक, टाइमस्टॅम्प, विंडो स्केल असे पर्याय असतात. पर्याय नाहीत आणि विंडोचा आकडा प्रत्येक पॅकेटमध्ये तोच, तर ती हत्याराने घडवलेली आहेत. टीटीएलही बोलकं असतं. खरी यंत्रं ६४ किंवा १२८ पासून सुरुवात करतात आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. पत्ते ब्राझीलपासून जपानपर्यंत विखुरलेले, पण टीटीएल मात्र सगळ्यांचं एकच, असं असेल तर ती पॅकेट एका-दोन जागांहून निघाली आहेत. खाजगी किंवा कोणालाच न दिलेल्या पट्ट्यांतले पत्ते दिसले तर शंकाच उरत नाही.

खोट्या पत्त्यांची यादी करून त्यांना ब्लॉक करत बसू नका. ती यादी कधी संपत नाही. शिवाय हल्लेखोराने तुमच्या पेमेंट गेटवेचा किंवा डीएनएसचा पत्ता वापरला असेल तर त्याचं उरलेलं काम तुम्हीच पूर्ण कराल.

कधी उलटंच दिसतं: तुम्ही सिन पाठवलेलंच नाही आणि तरी सिन-ॲक (सिनला होकार) किंवा रीसेट (जोडणीला नकार) येत राहतात. थोड्या प्रमाणात येत असतील तर हल्ला दुसऱ्या कोणावर आहे आणि खोटे पत्ते म्हणून तुमचेही पत्ते वापरले जात आहेत. या उडालेल्या शिंतोड्यांवरून जगभरचे हल्ले मोजता येतील, हे डेव्हिड मूर, जेफ्री व्होल्कर आणि स्टीफन सॅव्हेज यांनी २००१ मध्ये दाखवलं. इंटरनेटच्या २५६ व्या हिश्श्याएवढ्या रिकाम्या पत्त्यांवर येणारी पॅकेट पाहून तीन आठवड्यांत त्यांनी १२,००० हून जास्त हल्ले टिपले. साध्या निरीक्षणातून इतकं मोठं चित्र उभं करणारं काम विरळाच.

एक भागाकार: गिटहब, २०१८

२८ फेब्रुवारी २०१८ रोजी १७:२१ यूटीसी, म्हणजे आपल्याकडे रात्री १०:५१ वाजता, गिटहब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या साइटवर हल्ला झाला. कमाल मारा सेकंदाला १.३५ टेराबिट आणि १२.६९ कोटी पॅकेट. हे दोन आकडे कंपनीनेच जाहीर केले. एवढ्यावरून काय कळतं? १.३५ टेराबिटला ८ ने भागा, आलेले बाइट १२.६९ कोटींनी भागा. एका पॅकेटची सरासरी लांबी येते सुमारे १,३३० बाइट. इतकी मोठी पॅकेट सिनच्या पुरात सहसा नसतात. हा वर्धनाचा हल्ला असावा, हे पॅकेट न उघडताच समजतं. स्रोत पोर्ट होता ११२११. उघड्यावर ठेवलेल्या मेमकॅश्ड सर्व्हरना छोटी विनंती पाठवली की उत्तर ५१,००० पटीपर्यंत मोठं येऊ शकतं.

गिटहबने काय केलं ते मुद्दाम बघण्यासारखं आहे. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी ओळखलं की आपल्या लिंक पुरणार नाहीत आणि बीजीपीच्या, म्हणजे इंटरनेटवरचे मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलच्या, घोषणा बदलून सगळी वाहतूक अकामाई या कंपनीच्या गाळणी यंत्रणेकडे वळवली. १७:३० पर्यंत सेवा सावरली होती. असा झटपट निर्णय घ्यायला पर्यायी मार्ग आधीच ठरलेला लागतो.

हा भागाकार तुमच्या आलेखावरही चालतो. सरासरी लांबी ६०-७० बाइटकडे झुकली तर सिन किंवा ॲकचा पूर, १,००० च्या वर गेली तर बहुधा वर्धन. काही सेकंदांत दिशा कळते.

वेबसाइटवरचा मारा

इथे पत्ते खरे असतात, कारण जोडणी पूर्ण झाल्याशिवाय वेब विनंती पाठवताच येत नाही. पॅकेटपेक्षा ॲक्सेस लॉग आणि त्यातल्या वेळा महत्त्वाच्या. कोणत्या पानावर मारा आहे? हल्लेखोर सहसा शोधपेटी, लॉगिन, अहवाल अशी डेटाबेसला कष्ट देणारी पानं निवडतो. पानाच्या वेब पत्त्याच्या (यूआरएलच्या) शेवटी दर वेळी नवा निरर्थक आकडा जोडलेला दिसला तर तो कॅशला, म्हणजे पानांच्या साठवलेल्या प्रतींना, चकवा देण्यासाठी.

जोडण्या भरपूर आणि बाइट नगण्य असं असेल तर ती संथ पद्धत. २००९ मध्ये आलेलं स्लोलोरिस हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. ते विनंतीचं शीर्षक थेंबाथेंबाने पाठवत राहतं आणि वर्कर अडवून ठेवतं. विनंती पूर्णच होत नसल्याने ॲक्सेस लॉग जवळजवळ रिकामा असतो. म्हणून फक्त लॉगवर विसंबू नका, उघड्या जोडण्याही मोजा.

२०२३ मध्ये एचटीटीपी-२ या वेब प्रोटोकॉलमधली ‘रॅपिड रीसेट’ ही पद्धत उघड झाली. विनंती पाठवायची आणि लगेच रद्द करायची. रद्द झालेली विनंती एकाच वेळच्या विनंत्यांच्या मर्यादेत धरली जात नाही, पण सर्व्हरला मेहनत पडलेली असते. गुगलने सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्या नोंदवल्या. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये ४९९ हा कोड, म्हणजे ग्राहकाने स्वतःच जोडणी सोडली, एकाएकी वाढला तर या किंवा अशा कारणाचा माग घ्या.

आणि हल्ला आहे की खरी गर्दी? महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. निकालाची वेळ आधी जाहीर झालेली असते, त्या मिनिटाला आलेख उभा चढतो. पण ती गर्दी माणसांची आहे, हे लॉग सांगतात. ब्राउझर पानाबरोबर चित्रं आणि शैलीच्या फाइलीही मागतो. पत्ते बहुतांश राज्यातले असतात. प्रत्येक जण आपला आसन क्रमांक घालतो, निकाल पाहतो आणि निघून जातो. हल्ल्यातलं यंत्र एकच पान मागत राहतं, साइट मंद झाली तरी त्याचा वेग तोच. खऱ्या गर्दीला हल्ला समजून अडवणं हे हल्ल्याइतकंच नुकसानीचं आहे. तिथे हवं ते कॅशिंग आणि रांग.

याच कारणाने दर पत्त्याला विनंत्यांची मर्यादा घालताना सावध राहा. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे बसवतात. एका पत्त्यावरून मिनिटाला ५०० विनंत्या येणं आपल्याकडे अगदी स्वाभाविक असू शकतं. मर्यादा शक्यतो लॉगिन झालेल्या खात्यावर किंवा सत्रावर लावा, आयपीव्ही६ साठी पूर्ण पत्त्याऐवजी ६४ बिटच्या पट्ट्यावर.

निर्णय

लिंक चोक असेल तर पुरवठादाराला नेमकं वाक्य सांगता आलं पाहिजे: ‘या पत्त्याकडे येणारं, स्रोत पोर्ट ३८९ चं यूडीपी आणि यूडीपीचे तुकडे अडवा.’ फ्लोस्पेक, म्हणजे बीजीपीतून राउटरना गाळणीचे नियम पाठवायची सोय, असेल तर हे लगेच होतं. ते नसेल तर ब्लॅकहोल, म्हणजे त्या एका पत्त्याची सगळी वाहतूक वरच टाकून द्यायची. त्या पत्त्यापुरता हल्लेखोर जिंकतो, बाकीचे ग्राहक वाचतात. छोट्या पुरवठादाराला हा कडू निर्णय घ्यावा लागतो आणि तो कोणी घ्यायचा हे आधी ठरलेलं हवं.

मारा एका पत्त्यावर नसून २५६ पत्त्यांच्या पूर्ण पट्ट्यावर पसरलेला असेल तर दर पत्त्याची सूचना वाजतच नाही. फ्लोची बेरीज पट्ट्यानुसारही करून पाहा.

सिनच्या पुरासाठी सिन कुकी सुरू आहेत ना, खात्री करा. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९६ मध्येच मांडलेली ही युक्ती लिनक्समध्ये आहे. सर्व्हर काहीच लक्षात ठेवत नाही, उत्तराच्या क्रमांकातच हिशोब लपवतो.

या सगळ्या धावपळीत एका माणसाला फक्त लॉगिनचे आणि बदलांचे लॉग बघायला बसवा. सगळ्यांची नजर आलेखावर खिळलेली असताना दुसरीकडून आत शिरायचा प्रयत्न होऊ शकतो.

नोंद आणि कायदा

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डीडॉससह ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपीशी जुळवावी लागतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या कलम ४३ आणि ६६ खाली सेवा खंडित करणं हा गुन्हा ठरतो. पोलिसांकडे जायचं असेल तर पकडलेल्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदलली तर बदलणारा डिजिटल ठसा) लगेच काढा, कोणी, कुठून, किती वाजता पकडली हे लिहा आणि विश्लेषण प्रतीवर करा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लागतो.

अहवाल लांबलचक नको. घटनाक्रम, संपलेलं साधन, हल्ल्याची खूण, उचललेलं पाऊल आणि प्रत्येक पावलानंतर बदललेला आकडा. अनुमान असेल तिथे ‘अनुमान’ असं स्पष्ट लिहा, विशेषतः देशांच्या नावांबाबत. पत्ता ज्या देशातला, हल्लेखोर त्याच देशातला, असं काही नसतं.

आपल्याकडून काही बाहेर जातंय का?

हल्ला ओसरला की तीच मोजणी उलट दिशेने करा. ग्राहकांच्या सीसीटीव्ही डीव्हीआरकडून पोर्ट २३ आणि २३२३ कडे सिनचा मारा बाहेर जात असेल तर ते मिराई किंवा तिच्या वंशातल्या बॉटनेटचं, म्हणजे हल्लेखोराच्या ताब्यातल्या यंत्रांच्या जाळ्याचं, लक्षण. २०१६ मध्ये याच जातीच्या कॅमेऱ्यांनी आणि राउटरनी डिन कंपनीची डीएनएस सेवा कोलमडवली होती, कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. आपला डीएनएस सर्व्हर बाहेरच्या कोणालाही उत्तर देतो का, तेही बाहेरच्या लिंकवरून विचारून पाहा. आणि ग्राहकांकडच्या इंटरफेसवर स्रोत पत्त्याची तपासणी लावा, म्हणजे आपण न दिलेला पत्ता घालून एकही पॅकेट बाहेर पडणार नाही. ही शिफारस बीसीपी ३८ या नावाने मे २००० पासून आहे. ती पाळली जाते का, हे काइडा संस्थेच्या मोफत स्पूफर साधनाने ग्राहकाच्या जागी बसून तपासता येतं. तपासणी राउटर बदलल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा करा, नव्या यंत्रावर ही मांडणी आपोआप येत नाही.